पायरीवरचा जोड

आमच्या पळणाऱ्यांच्या क्लबचा विशेषांक निघतोय. त्यात आप्पा मगदुमांवर कुणीतरी लिहावं असं ठरलं आणि, "देसाई सर, तुम्हीच लिहा, तुमचा त्यांचा सहवास जास्त," म्हणून ते काम माझ्याकडं आलं. त्यांच्याबद्दल चार पानं चांगलं लिहायचं आणि 'ती चूक' एका ओळीत झाकून टाकायची, अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार.

ती चूक आप्पांची नव्हती. माझी होती. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण शेवटी लिहायचं ठेवलं तर मी भिऊन गाळीन. मी स्वतःला ओळखतो.

सुरुवातीला आम्ही सातजण होतो. रोज सकाळी रंकाळ्याला चालायला जायचो. एक दिवस एकजण चालता चालता पळायला लागला, बाकीच्यांना मागं राहणं अपमानाचं वाटलं, एवढीच आमच्या क्लबची स्थापना. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो, अक्षर बरं होतं, म्हणून मला सेक्रेटरी केलं. पुढं माणसं वाढली. वकील आले, गुळाचे व्यापारी आले, दोन शिक्षिका आल्या. आठवड्यातून चार दिवस रंकाळा आणि रविवारी लांबचं पळणं: कधी जोतिबाच्या वाटेनं, कधी राधानगरी रस्त्यानं. पळून झालं की दूध कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं ताजं दूध.

आप्पा दुसऱ्या वर्षी आले. उंच, हाडकुळे, गुडघे लाकडाच्या गाठीसारखे. पाटबंधारे खात्यात राधानगरीच्या धरणावर तीस वर्षं नोकरी केलेली. खात्यातलीच खाकी अर्धी चड्डी आणि वर लांब बाह्यांचा शर्ट घालून पळायचे. क्लबचा टी-शर्ट त्यांनी कधी घातला नाही. "छातीवर नंबर लावून पळायला मी काय शर्यतीचा बैल हाय?" म्हणायचे.

ते सगळ्यांच्या शेवटी पळायचे. दम नव्हता म्हणून नव्हे. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, "मागं कोण हाय?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. मागं कोण आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. "म्हंजे कोण पडलं, मेलं, तर तुमाला दूध पिताना कळणार व्हय?" असं म्हणून ते मागं गेले आणि पुढची नऊ वर्षं मागंच राहिले.

चपलांची पद्धत त्यांनीच घातली. आमच्यातले बहुतेकजण चपला घालून यायचे आणि बूट पिशवीतून आणायचे. बदललेल्या चपला कुणी गाडीत टाकायचं, कुणी झाडाखाली. आप्पांनी नियम केला: चपला एका ओळीत, उघड्यावर, पायरीवर किंवा कट्ट्यावर. परत आलेल्या माणसानं आपला जोड आपल्या हातानं उचलायचा. आप्पा शेवटी यायचे आणि पायरीवर फक्त त्यांचा जोड उरलेला दिसला की मगच बूट सोडायचे.

"डोकी मोजा की त्यापरीस," एक वकील म्हणाले.

"डोकी हालत्यात वकीलसाहेब. चपला हालत न्हाईत."

प्रत्येकाची चपल त्यांना पाठ होती. कुणाची टाच आतून झिजते, कुणाची करकरते. एकदा जोतिबाच्या वाटेवर एका लहान देवळापाशी पळणं संपलं, सगळे आले आणि पायरीवर एक जोड जास्तीचा उरला. आप्पांनी कुणाला हलू दिलं नाही. चाळीस माणसं दीड तास उन्हात उभी. आप्पा दोनदा वाटेवर मागं जाऊन आले. शेवटी देवळाचा पुजारी पूजा आटपून बाहेर आला आणि चपला घालून चालू लागला. जो हशा झाला! गुळाचे एक व्यापारी म्हणाले, "आप्पा, देवाच्या पादुका पण मोजा की आता!"

आप्पा हसले नाहीत. "हसा. माझं हात बघा," म्हणाले. त्यांचे दोन्ही हात थरथरत होते.

भीती हाच त्यांचा धंदा होता. नवीन माणूस आला की ते विचारायचे, "भ्यालास का?" तो नाही म्हणाला की म्हणायचे, "मग भे जरा. छातीत कळ आली तर थांब. कुत्रं दिसलं तर थांब. मी तीस वर्षं भ्यायचाच पगार घेटलाय. धरणावर न भेणारा माणूस ठेवला तर खालची गावं ऱ्हात न्हाईत." आम्हाला त्याची गंमत वाटायची. क्लबातली तरणी पोरं त्यांची नक्कल करायची. पण एका शिक्षिकेचा पाय गारगोटी रस्त्यावर मुरगळला, तेव्हा बाकीचे सगळे पुढं निघून गेले होते आणि आप्पा तिच्याबरोबर सात किलोमीटर लंगडीच्या चालीनं चालत आले होते. तेव्हापासून बायका घरी सांगून यायच्या, "मागं आप्पा असतात."

अमोल याच भरवशावर आला. चौतिशीचा, शांत, एका कारखान्यात सुपरवायझर. लहान मुलगी होती. बायको मेघा पहिल्या दिवशी त्याला सोडायला आली तेव्हा आप्पांना म्हणाली, "ह्यांना वाट लक्षात राहत नाही हं." आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. मी हाय."

पावसाळ्यात वर्षातून एकदा आम्ही पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठारावर पळायला जायचो. ज्यांनी ते पठार पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर झाड नाही, घर नाही. सपाट, ओला कातळ आणि गवत, मैलच्या मैल. धुकं उतरलं की स्वतःचे बूट दिसतात, पुढचं काही दिसत नाही, आणि पठाराची कड कुठं संपते ते कडेवर गेल्याशिवाय कळत नाही. आप्पांचा त्या पळण्याला दरवर्षी विरोध असायचा आणि दरवर्षी आम्ही त्यांना हसून तिथं न्यायचो.

चार वर्षांपूर्वी आम्ही एकवीसजण गेलो. अलीकडच्या वाडीतल्या देवळापाशी पाच गाड्या लावल्या, पायरीवर चपला ओळीनं ठेवल्या आणि सहा किलोमीटर जाऊन परत यायचं ठरलं. जाताना धुकं विरळ होतं. परतताना ते एवढं दाट झालं की मी पुढच्या माणसाच्या पावलांच्या आवाजावर पळत होतो. मग वारा सुटला, पाऊस आडवा लागला आणि पावलांचा आवाजही गेला. मला वाटेत दोनदा वाटलं की मी कडेकडं चाललोय. मी ओरडलो. कुणी ओ दिली नाही. देऊळ दिसलं तेव्हा मी अक्षरशः रडत होतो, पावसामुळं कुणाला कळलं नाही.

तिथं पोचलो तर चपला पाण्यात भिजत होत्या. मला तिथून लवकर सुटायचं होतं. पायरीवरचे सगळे जोड मी एका पोत्यात भरले आणि माझ्या गाडीच्या डिकीत टाकले. माणसं येतील तशी डिकीतून चपला घेऊन गाडीत बसतील, म्हणजे वेळ जाणार नाही. त्यांच्यासाठी केलं असं मी त्या दिवशी म्हणालो. खरं तर मी भ्यालो होतो आणि मला घरी जायचं होतं.

माणसं आली, पोत्यात हात घालून आपापला जोड घेऊन मिळेल त्या गाडीत बसली. आप्पा शेवटी आले. ओठ निळे पडलेले. रिकाम्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "सर, चपला कुठं हाईत?"

"पोत्यात. तुमच्याच राहिल्यात. सगळे आले."

"बघिटलंसा?"

"बघितलं हो आप्पा! चला आता."

मी बघितलं नव्हतं. डिकी अर्धी उघडून मी आत हात घातला, त्यांचा जाड तळाचा जोड हाताला लागला, तो काढून दिला आणि डिकी आपटून बंद केली. आप्पा एक क्षण धुक्याकडं बघत उभे राहिले. मग गाडीत बसले. प्रत्येक गाडीला वाटलं, अमोल दुसऱ्या गाडीत आहे.

दुपारी साडेबाराला मेघाचा फोन आला. "सर, हे अजून आले नाहीत. कुठं थांबलेत का?" मी सगळ्यांना फोन केले. कुणाच्याच गाडीत तो नव्हता. सगळ्यांनी शोधायला परत जायचं ठरलं; दोरी आणि बॅटरी न्यायची म्हणून मी डिकी उघडली. पोत्यात एक जोड होता. तपकिरी, बारीक पट्ट्यांचा, नवा.

त्यानंतर मी जे केलं ते आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही. माझं घर गावाच्या त्या टोकाला, म्हणून मी इतरांच्या आधी देवळापाशी पोचलो. जोड रेनकोटच्या आत होता. पायरीपाशी कुणी नव्हतं. मी तो दुसऱ्या पायरीवर ठेवला. मग लक्षात आलं, पोत्यात निथळून चपला सुकत आल्या आहेत, दिवसभर पावसात राहिलेल्या वाटत नाहीत. त्या उचलून पागोळीखाली धरल्या, भिजेपर्यंत धरल्या, आणि परत ठेवल्या. माझे हात अजिबात थरथरले नाहीत. त्याचीच मला आजही सगळ्यात जास्त भीती वाटते.

मागून गाड्या आल्या. आप्पा उतरले आणि पायरीकडं बघून जागच्या जागी खाली बसले.

"ह्यो अमोलचा जोड," ते म्हणाले. "मी हितंच बसलोतो. हितंच, ह्याच्या शेजारी. मला कसा दिसला न्हाई?"

मग एकजण म्हणाला, "सरांनी पोत्यात भरताना हा राहिला असंल. पण आप्पा, तुम्ही तर पायरीवर होता की."

मी म्हणालो, "गडबडीत राहिला असेल माझ्याकडून." एवढंच. एका वाक्यात माझी चूक एवढीशी झाली आणि त्यांची डोंगराएवढी.

अमोल दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. वाटेपासून फार लांब नाही, कडेखालच्या झुडपात. लघवीला वाट सोडून गेला असावा, आप्पा धुक्यातून त्याला ओलांडून पुढं आले असावेत. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन-तीन तास तरी जिवंत असेल. हे वाक्य मी रोज ऐकतो. आप्पांना मी खरं सांगितलं असतं तर ते तिथूनच उलटे पळाले असते. पुजाऱ्याच्या चपलेसाठी जो माणूस दोनदा मागं गेला, तो अमोलसाठी गेला नसता?

आप्पा स्वतः मेघाच्या दारात गेले. "बाई, माझ्या डोळ्यांनी घात केला," म्हणाले. मेघाच्या भावानं त्यांना ढकलून बाहेर काढलं. क्लबच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "आप्पा, वय झालं आता," आणि आप्पा हात जोडून उठून गेले. मी बैठकीचं इतिवृत्त लिहीत होतो. ते इतिवृत्त अजून क्लबच्या कपाटात आहे आणि त्यातली आप्पांच्या चुकीबद्दलची तीन वाक्यं खोटी आहेत.

त्यानंतर आप्पांनी तीन डॉक्टरांना डोळे दाखवले. मला रस्त्यात भेटले तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"नजर चांगली हाय म्हणत्यात. मग ते लईच वाईट की सर. डोळं चांगलं, आन माणूस दिसला न्हाई. म्हंजे बिघाड आत कुठंतरी हाय."

तरी त्यांनी चष्मा करून घेतला, नंबर नसलेला. त्यांच्या सुनेनं सांगितलं, तांदळात खडा आहे का हे ते नातीला तीनदा बघायला लावतात. दारात कुणाची चपल दिसली की वाकून हात लावून बघतात, खरीच आहे का म्हणून. ज्या माणसानं आम्हाला धरणाची, कुत्र्याची, उन्हाची भीती शिकवली, तो आता स्वतःच्या डोळ्यांना भीत होता. आणि मी त्यांना भीत होतो. ते 'सर' म्हणून हाक मारायचे तेव्हा मी आधी त्यांचा चेहरा बघायचो. वाटायचं, त्यांना आठवलं. त्यांना कधीच आठवलं नाही. सरांवर संशय घ्यावा हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

तीन वर्षं अशी गेली. गेल्या उन्हाळ्यात रंकाळ्यावर ते मला भेटले आणि म्हणाले, "सर, जरा संगं चला." चालताना मध्येच थांबून पाय उचललेला तसाच धरून विचारलं, "हितं खड्डा हाय का?"

फरशी सपाट होती. माझ्याच्यानं पुढं चालवेना. त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पोतं, डिकी, रेनकोट, पागोळी. मला वाटलं ते मारतील. मारावं असं वाटत होतं.

ते पाण्याकडं वळले. मग म्हणाले, "म्हंजे माझं डोळं बरं हुतं?"

"हो आप्पा."

"त्या दिशी पायरीवर काय न्हवतं?"

"नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला. मग माझ्याकडं वळले. नऊ वर्षं आणि वर तीन, त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"तू पोरांना शिकवीत हुतास न्हवं?" ते म्हणाले. "ऊठ. मला सांगून काय करू मी त्याचं? मेघाला सांग. आत्ता."

"आप्पा, दोन दिवसांनी..."

"ऊठ म्हणतो की!"

मेघाचं घर मोठ्या रस्त्याच्या पलीकडं, एका गल्लीत. गेली तीन वर्षं ते सोबतच्या माणसाचं कोपर धरूनच रस्ता ओलांडायचे; त्याच सवयीनं त्यांनी माझं कोपर धरलं. गल्लीच्या तोंडाशी थांबले. "मी आत येत न्हाई. मी असलो तर तू माझ्याकडं बघत सांगशील. तिच्याकडं बघून सांग."

मी आत गेलो. मेघानं हसून दार उघडलं. मुलगी जमिनीवर वही घेऊन बसली होती. तिच्या शाळेच्या प्रवेशासाठी मी धावपळ केली होती, गणित शिकवायला दर शनिवारी जात होतो. हे सगळं कशासाठी करत होतो ते आता वाचणाऱ्याला कळलंच असेल. मेघानं पाणी दिलं आणि म्हणाली, "बरं झालं आलात सर. कालच आईला म्हणत होते, त्या क्लबातला एकच माणूस माणसासारखा निघाला."

मी पाणी प्यालो. मुलीची वही बघितली. दोन गणितं चुकली होती, ती दुरुस्त करून दिली. दहा मिनिटांनी उठलो आणि बाहेर आलो.

आप्पा भिंतीला पाठ लावून उभे होते.

"सांगिटलंस?"

"सांगितलं."

"तिच्याकडं बघून?"

"हो."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही बोलली. रडली."

"रडू दे," आप्पा म्हणाले. "लई दिसांनी खऱ्यासाठी रडली."

त्यानंतर दीड महिन्यानं आप्पा गेले, छातीत कळ येऊन. त्या दीड महिन्यात मी रंकाळ्याकडं फिरकलो नाही. ते मेघाला कुठं भेटतील, एक शब्द बोलतील आणि सगळं उघडं पडेल, या भीतीनं मी फोन वाजला तरी दचकत होतो. ते गेल्याची बातमी आली तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायचं होतं.

मागच्या आठवड्यात हा मजकूर इथपर्यंत लिहून झाला आणि मी तो मेघाला तिच्या घरी बसून वाचून दाखवला. मुलीला तिनं आधीच शेजारी पाठवलं होतं. वाचून संपलं. मग तिनं एवढंच विचारलं, "त्या दिवशी आप्पा बाहेर कोपऱ्यावर उभे होते?"

"हो."

"आणि तुम्ही आत पाणी पीत होता."

मी मान हलवली.

"मी त्यांना आत बोलावलं असतं," ती म्हणाली, आणि उठून दार उघडून उभी राहिली. शनिवारी मी आता जात नाही.

आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते त्या गल्लीच्या तोंडाशी. "रडू दे," म्हणून ते भिंतीपासून बाजूला झाले, शर्ट झटकला. मी येतानासारखं कोपर पुढं केलं. त्यांनी ते बघितलं आणि धरलं नाही. "जा तू घरी. मला आता दिसतंय," म्हणाले आणि रस्त्यावर उतरले. दुपारची गर्दी होती. दोन्हीकडून गाड्या येत होत्या. एक ट्रक त्यांनी जाऊ दिला, एका मोटारसायकलवाल्याला हातानं थांबवलं, "अरं थांब की लेका, दिसत न्हाई का?" असं त्याच्यावर ओरडले, आणि लांब लांब टांगा टाकत, मागं वळून न बघता, पलीकडच्या फुटपाथवर चढले.